माळढोकाचे माळरान व कोरडवाहू शेतकरी

अभयारण्य म्हटले की सामान्यतः दाट झाडी, डोंगरदऱ्या व वाघ यांचे चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे माळढोक अभयारण्य या कल्पनेत बसत नाही. तेथे उघडे माळ, कुसळी-मारवेलीचे गवत, मुरमाड हलकी जमीन व मधूनमधून ज्वारीची शेते आहेत. अशा भागात निसर्गाचे संरक्षण व शेतकऱ्याचे हित यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांपुढे वारंवार येतो. त्याची पार्श्वभूमी ठाऊक असल्यावाचून शेतकऱ्यांशी या विषयावर बोलणे व्यर्थ होय.

पक्षी व पीकपद्धती

माळढोक हा उडू शकणाऱ्या पक्ष्यांपैकी जगातील अत्यंत वजनदार पक्ष्यांत मोडतो. पूर्ण वाढलेला नर सुमारे मीटरभर उंच असून त्याचे वजन पंधरा किलोपर्यंत भरते. मादी उघड्या जमिनीवर, बहुधा वर्षातून एकच अंडे घालते. टोळ, भुंगेरे, सरडे, बोरे व शेतातील दाणे हे त्याचे खाद्य असल्याने, विशेषतः टोळांच्या बाबतीत, तो शेतकऱ्याचा मित्रच ठरतो. सोलापूर परिसरात हा पक्षी टिकून असल्याची गोष्ट १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथील पक्षिनिरीक्षक बी. एस. कुलकर्णी यांनी लोकांपुढे आणली. त्याच सुमारास अवर्षणप्रवण क्षेत्र कार्यक्रमाखाली काही माळ चराईस बंद करण्यात आले होते. तेथे गवत वाढले आणि पक्ष्यास विणीसाठी निवांत जागा मिळाली.

माळढोकाचे व कोरडवाहू शेतीचे नाते लक्षात घेण्यासारखे आहे. या भागातील मुख्य पीक रब्बी ज्वारीचे. तिची पेरणी भाद्रपद-आश्विनात होते. म्हणजे पावसाळ्यात, पक्ष्याच्या विणीच्या दिवसांत, ही शेते बहुतांशी मोकळी असतात. पीक उभे राहते तेव्हा विणीचा हंगाम सरत आलेला असतो. शेतकऱ्याने मुद्दाम काही न करताच पक्ष्याची सोय होत होती. ऊस व द्राक्ष यांचे तसे नाही. ही पिके बाराही महिने जमीन व्यापून राहतात आणि दूरवर दृष्टी पोहोचावी लागणाऱ्या पक्ष्यास तेथे थारा उरत नाही. अभयारण्याची घोषणा १९७९ मध्ये झाली व भीमा नदीवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाले, हा योगायोग बोलका आहे. एका निर्णयाने माळ जसा आहे तसा राखावयाचा होता, तर दुसऱ्याने पाणी आणून कोरडवाहू शेतीचे रूप पालटावयाचे होते. पाणी मिळालेल्या शेतकऱ्याने बागायत केली यात त्याचा काय दोष? सोनाका ही द्राक्षाची नामांकित जात याच नान्नज गावचे नानासाहेब काळे यांनी निवडून वाढविली, ही गोष्ट या गावास माळढोकाइतकीच भूषणावह आहे.

सीमा व सातबारा

१९७९ च्या घोषणेने सोलापूर व अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) या दोन जिल्ह्यांतील तब्बल ८,४९६ चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य ठरले. त्यातील फार मोठा भाग खाजगी मालकीचा होता. गावेच्या गावे, रस्ते व बाजारपेठा सीमेच्या आत आल्या. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये शासनाने अभयारण्याचा इरादा जाहीर केल्यावर, वारसाहक्क किंवा मृत्युपत्र यांखेरीज, त्या जमिनीवर नवा हक्क संपादन करता येत नाही. पुढे जिल्हाधिकाऱ्यांनी लोकांच्या हक्कांची चौकशी करून निवाडा द्यावयाचा असतो. हे काम जितके रेंगाळते, तितकी खरेदी-विक्री, बिगरशेती परवाना व बांधकाम यांची कामे अडून राहतात. मुलीच्या लग्नासाठी एकरभर जमीन विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यास, ज्याने माळढोक कधी डोळ्यांनी पाहिलेलाही नाही अशास, त्या पक्ष्याविषयी आपुलकी कशी वाटावी? नकाशावरील एवढे मोठे क्षेत्र प्रत्यक्षात राखणे कोणासच शक्य नव्हते. पक्ष्यास त्याचा लाभ थोडा झाला. जाच मात्र सर्वांस सारखा झाला, असे आमचे स्पष्ट मत आहे. अखेर २०१२ च्या सुमारास हे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरवर, म्हणजे मूळच्या सुमारे सातव्या हिश्श्यावर आणण्यात आले. सीमेचे तपशील त्यानंतरही बदलले आहेत. म्हणून आपला गट क्रमांक आत आहे की बाहेर, हे ऐकीव माहितीवर न ठरविता तलाठी व वनपरिक्षेत्र कार्यालयात पडताळून पाहावे.

मध्य प्रदेशातील करेरा येथील अनुभव याहून कठोर आहे. तेथेही माळढोकासाठी १९८१ मध्ये अभयारण्य झाले, त्यातही शेतजमिनी आल्या आणि व्यवहार अडले. संरक्षणामुळे काळविटांची संख्या वाढली व पिकांची नासाडी होऊ लागली. लोकांचा रोष वाढत गेला आणि १९९० च्या दशकात तेथून माळढोक नाहीसाच झाला. आज संपूर्ण देशात या पक्ष्यांची संख्या दीडशेच्या आत मानली जाते व त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत. उच्च दाबाच्या वीजतारा त्यास समोरून नीट दिसत नाहीत व त्यांवर आदळून मोठे पक्षी मरतात, हे तेथील एक मुख्य कारण होय. नान्नजला आता एखादा पक्षी दिसला तरी त्याची बातमी होते.

काळविटांचा उपद्रव

पक्षी विरळ झाला. काळवीट मात्र आहे. कोवळ्या ज्वारीत रात्रीतून कळप शिरला की कुटुंबाच्या वर्षाच्या भाकरीवर गदा येते. नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत जवळच्या वन कर्मचाऱ्यास लेखी कळवून पोच घ्यावी. पंचनामा वन, महसूल व कृषी या तिन्ही खात्यांच्या कर्मचाऱ्यांनी मिळून करावयाचा असतो. तोवर शेत नांगरून टाकू नये. शेळ्या-मेंढ्या लांडग्याने मारल्यास जनावर जागेवरून हलवू नये व खबर अधिक लवकर, दोन दिवसांच्या आत द्यावी. भरपाईचे दर शासन वेळोवेळी बदलते, म्हणून चालू दर विचारून घ्यावेत. कुंपणात वीज सोडणे हा गुन्हा आहे; शिवाय त्यात काळविटाऐवजी शेजाऱ्याचे पोर सापडल्याची उदाहरणे थोडी नाहीत. आपल्या वाडवडिलांनी ज्वारीच्या कडेने करडईचे पट्टे पेरण्याची जी रीत घालून दिली, ती आजही उपयोगी आहे. काटेरी करडईतून जनावर सहसा शिरत नाही, आणि तेलबीही घरात येते. कळप मोठा असेल तर केवळ करडईने भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे.

पावसाळ्यात शेतात वा माळावर माळढोकाचे अंडे आढळल्यास त्यास हात न लावता, गर्दी न जमविता वनरक्षकास कळवावे. औत तेवढ्या जागेपुरते बाजूने फिरवावे.

गवताचा प्रश्न

धनगर व अल्पभूधारक यांची खरी तक्रार चराईविषयी आहे. सरसकट चराईबंदीने गवत सुधारते, हे काही वर्षे खरे असते. पुढे गवत फार माजले की माळढोकास चालण्यास व पाहण्यास ते अडचणीचे होते. राजस्थानातील भरतपूर येथे १९८२ मध्ये गुरांना एकाएकी बंदी झाली. पाणथळीत गवत माजून पाणपक्ष्यांचीच अडचण झाली, असे पुढील संशोधनात दिसून आले. तसेच मोकळ्या माळावर सुबाभूळ, गिरिपुष्प यांसारखी झाडे लावून तो हिरवा करण्याचा उत्साहही येथे अनाठायी होय. माळाचे गट पाडून विणीच्या काळात ते बंद ठेवणे व पावसाळ्यानंतर गवत कापून नेण्यास किंवा पाळीपाळीने चरण्यास गावास मुभा देणे, हा मार्ग वन खात्याशी विचारविनिमय करून अजमावण्याजोगा आहे.

अधिनियमात २००२ साली झालेल्या दुरुस्तीने समुदाय राखीव क्षेत्राची सोय झाली आहे. गावाने किंवा जमीनमालकाने स्वखुशीने आपली जमीन वन्यजीवांसाठी देऊ केल्यास मालकी न बदलता ती राखीव जाहीर होऊ शकते, व तिचा कारभार ग्रामपंचायतीचे प्रतिनिधी असलेली समिती पाहते. पडीक गायरानालगतच्या कोरडवाहू गावांनी याचा विचार करण्यास हरकत नाही. मात्र एकदा घोषणा झाल्यावर समितीचा ठराव व शासनाची मान्यता यांवाचून तेथील जमिनीचा वापर बदलता येत नाही. ही अट ग्रामसभेत ठराव मांडण्यापूर्वी मोठ्याने वाचून दाखवावी, आणि ज्यांची गुरे त्या माळावर चरतात त्यांना त्या सभेस आवर्जून बोलवावे.