भूमितीचा अभ्यास : परस्परांच्या साहाय्याने

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके मुंबईपासून फार दूर नाहीत. तानसा आणि भातसा जलाशयांचे पाणी शहापूर तालुक्यातूनच महानगरास जाते. परंतु महानगरातील शिकवणीवर्ग व स्पर्धापरीक्षांचे मार्गदर्शन पाड्यांवरील विद्यार्थ्यांच्या आवाक्यात नसते. दिवाळीनंतर अनेक आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामासाठी जातात आणि त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलांचे धडे बुडतात. भूमितीत ही तूट अधिक जाणवते, कारण येथे प्रत्येक प्रमेय आधीच्या प्रमेयाच्या आधारावर उभे असते. समरूपता समजली नाही, तर पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता केवळ पाठ करावी लागते. अशा वेळी वर्गातील सोबत्यांचे साहाय्य हा सर्वांत जवळचा आणि बिनखर्चाचा आधार होय.

एक उदाहरण, दोन रीती

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’ (इ. स. ११५०) या ग्रंथातील एक उदाहरण या दृष्टीने उपयुक्त आहे. ९ हात उंच खांबावर मोर बसला आहे व खांबाच्या पायथ्याशी सापाचे बीळ आहे. २७ हात अंतरावरून साप बिळाकडे येताना मोराने त्याच्यावर तिरकी झेप घेतली. दोघांनी कापलेले अंतर सारखे असेल, तर साप बिळापासून किती हातांवर पकडला गेला?

चौघांच्या गटातील एक विद्यार्थी हे अंतर ‘क्ष’ मानतो. सापाने कापलेले अंतर (२७ − क्ष) होय. मोराची झेप म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्णही तेवढाच. म्हणून ८१ + क्ष² = (२७ − क्ष)². यावरून क्ष = १२. दुसरी विद्यार्थिनी कंपास घेते. खांबाचे टोक व सापाचे मूळ स्थान यांना जोडणाऱ्या रेषाखंडाचा लंबदुभाजक ती काढते. तो जमिनीच्या रेषेला जेथे छेदतो, तेथेही उत्तर १२ हातच येते.

खरा अभ्यास यानंतर सुरू होतो. लंबदुभाजकच का घ्यावा, असे तिसरा विचारतो. ‘आकृतीत दिसतेच आहे’ हे उत्तर पुरेसे नसते. लंबदुभाजकावरील प्रत्येक बिंदू रेषाखंडाच्या दोन्ही टोकांपासून समान अंतरावर असतो, हे एकरूप त्रिकोणांच्या साहाय्याने सिद्ध करावे लागते. समजावून सांगणाऱ्यास आपल्या ज्ञानातील उणीव येथेच कळते. चौथा विद्यार्थी अंगणात दोरी व खुंट्या घेऊन ९, १२ आणि १५ हातांचा त्रिकोण आखून काटकोन पडताळून पाहू शकतो.

स्पर्धेची तयारी

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाड १९५९ मध्ये रुमानियात सुरू झाले. भारत त्यात १९८९ पासून भाग घेऊ लागला आणि १९९६ ची स्पर्धा मुंबईत भरली. तेथे दोन दिवस, दररोज साडेचार तासांत केवळ तीन प्रश्न सोडवावयाचे असतात. बीजगणित, अंकसिद्धांत व चयनशास्त्र यांच्या जोडीला भूमिती हे त्याचे प्रमुख अंग आहे. तेथे पाठांतर उपयोगी पडत नाही. एका प्रश्नावर दीर्घकाळ विचार करण्याची आणि प्रत्येक पायरीचे कारण लिहिण्याची सवय लागते. दहावीची भूमितीची ४० गुणांची प्रश्नपत्रिका सोडविणाऱ्यासही ही सवय लाभदायकच ठरते.

शिक्षक व पंचायतींचे कर्तव्य

गटात हुशार विद्यार्थ्याने सोडवावे व इतरांनी उतरवून घ्यावे, असे होता कामा नये. म्हणून समजावून सांगण्याची पाळी दररोज बदलावी. स्थलांतराहून परतलेल्या विद्यार्थ्यास प्रथम त्याचे राहिलेले प्रमेय द्यावे. पुढे तेच त्याने इतरांना शिकवावे. शिक्षकांनी आठवड्यातून एकदा वह्या तपासून चुकीच्या सिद्धता वेळीच दुरुस्त कराव्यात, अन्यथा एकाची चूक चौघांची होते. ग्रामपंचायतीने सायंकाळी दिव्याची सोय असलेली एक खोली, फळा आणि कंपासपेट्यांचे काही संच उपलब्ध करून द्यावेत. एवढ्या अल्प साधनांनीही भट्टीवरून परतलेल्या मुलाची शाळेतील जागा टिकून राहण्यास मोठी मदत होईल.