मोह किती वेळा आला?

गडचिरोलीकडच्या एखाद्या शाळेतील मुलांनी आपल्या गावच्या झाडांची नोंद संगणकावर उतरवली आहे, असे समजा. जैवविविधता कायदा २००२ साली झाला, आणि त्यानंतर गावोगावी लोक जैवविविधता नोंदवह्या तयार होऊ लागल्या. तशाच धर्तीची ही नोंद. ती एका वेबपानाच्या रूपात आहे. मुलांना हवे आहे ते एवढेच की, जिथे जिथे मोहाच्या झाडाचा उल्लेख असेल तिथे पिवळी खूण उमटावी. वहीत हे काम पेन्सिलीने दोन मिनिटांत होते. संगणकाकडून ते जावास्क्रिप्ट या भाषेत आज्ञा लिहून करून घ्यायचे आहे.

पानावरचा मजकूर असा:

“चैत्रात मोह फुलतो. पहाटेच मोहाखाली फुले वेचायला जावे लागते. मोहफुले अंगणात वाळवतात. मोहाच्या बियांचे तेल मोहरीच्या तेलासारखे पातळ राहत नाही, थंडीत गोठते. फुले नीट दिसावीत म्हणून खालचा पाचोळा जाळण्याचा मोह टाळावा, यासाठी गावाने मोहीम काढली.”

पुढे वाचण्यापूर्वी झाडाचे उल्लेख स्वतः मोजा. ते ४ आहेत. आता संगणकाला सांगितले, ‘म, त्यावरचा ओकार आणि ह अशी तीन चिन्हे लागोपाठ दिसली की खूण कर’, तर तो ७ खुणा करील. मोहरी, मोहीम आणि पाचोळा जाळण्याचा मोह हे तिन्ही त्याने झाडांत धरले. (हा शेवटचा मोह साधा नव्हे. अशा आगीतून वणवे लागतात.)

तुम्ही म्हणाल, मग सुटा शब्दच शोधायला सांगू. जावास्क्रिप्टमध्ये शब्दाची कड दाखवणारे एक चिन्ह आहे खरे. पण ते ‘शब्द’ कशाला म्हणते? इंग्रजीची २६ लहान व २६ मोठी अक्षरे, १० अंक आणि एक अधोरेषा, अशा ६३ चिन्हांना. देवनागरीचे एकही अक्षर त्यात नाही. म्हणून त्या चिन्हाच्या मते मराठी ओळीत शब्दच नसतात, मग कडा कुठून असणार? उत्तर येते शून्य! ही भाषा १९९५ साली जन्मली आणि या चिन्हाची व्याख्या अजून तीच आहे.

२०१८ पासून मात्र जगातल्या कोणत्याही लिपीचे ‘अक्षर’ ओळखण्याची सोय या भाषेत आली. पण इथेही एक खड्डा आहे. युनिकोड या जागतिक संकेतावलीत ‘ह’ हे अक्षर आहे, पण काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांची गणना अक्षरांत होत नाही. ती अक्षराला जोडायची चिन्हे, असा त्यांचा वेगळा वर्ग आहे. ‘मोहनंतर अक्षर नसावे’ एवढीच अट घातली, तर ‘मोहीम’मध्ये ह नंतर वेलांटी येते, ती अक्षर नाही, म्हणून यंत्र म्हणते, शब्द संपला! आणि खूण करते ती ‘मोह’ एवढ्यावर. वेलांटी बाहेर एकटी राहते. कधी कधी ती ठिपक्यांच्या वर्तुळावर टांगलेली दिसते.

तेव्हा अक्षरे आणि जोडचिन्हे हे दोन्ही वर्ग मिळून शब्द, असे सांगायला हवे. त्याप्रमाणे आधी अखंड शब्द उचलायचा आणि मग तो आपला आहे का, ते तपासायचे. इथे व्याकरणाच्या तासाला शिकलेले सामान्यरूप कामी येते. ‘मोह’ला प्रत्यय लागताना ‘मोहा’ होते. म्हणून शब्द नुसता ‘मोह’ असेल, किंवा ‘मोहा’पुढे चा, च्या, ला, ने, खाली, वर यांपैकी काही असेल, किंवा ‘मोह’पुढे फूल, फुले असेल, तर घ्यायचा, एरवी सोडायचा. शब्द सुरुवातीपासून तपासल्यामुळे ‘मनमोहन’ही आपोआप गळतो. आता ५ खुणा होतात. चार बरोबर, आणि पाचवी त्या पाचोळ्याच्या मोहाची. ती नियमाने काढता येत नाही, कारण अक्षरे अगदी तीच आहेत. तिथे माणसानेच नजर टाकावी.

आता प्रत्यक्ष खूण. वेबपान म्हणजे एक लांबच लांब ओळ नव्हे. ब्राउझर ते झाडासारखे मांडतो: शीर्षक, परिच्छेद, चित्र या फांद्या आणि त्यांच्या टोकाला मजकुराची पाने. सगळे पान एकच ओळ समजून शोध घेतला, तर चित्राच्या माहितीत लपलेला ‘मोह’ही सापडतो, त्याच्या मधोमध खूण घुसते आणि चित्राची मांडणी बिघडते. म्हणून फक्त मजकुराच्या पानांवरूनच फिरायचे. हवा तो शब्द सापडला की त्या पानाचे तीन तुकडे करायचे, आधीचा मजकूर, शब्द आणि नंतरचा मजकूर, आणि मधला तुकडा ‘मार्क’ नावाच्या खुणेत गुंडाळायचा.

फिरता फिरता कापू मात्र नये. नव्याने गुंडाळलेला शब्द पुन्हा वाटेत येतो आणि यंत्र त्यालाच गुंडाळत बसते. आधी सगळ्या पानांची यादी करावी, मग कापावे. आणि एकाच पानात शब्द अनेकदा आला असेल तर शेवटाकडून सुरुवातीकडे यावे. पुढून कापले तर मागच्या शब्दांची मोजलेली जागा बदलते. ‘मोहफुले’मधला ‘मोह’ कुणी ठळक केला असेल, तर शब्दाचे दोन भाग दोन वेगळ्या पानांवर जातात आणि आपला नियम फसतो. त्यासाठी एका परिच्छेदाची पाने मनात जोडूनच शब्द वाचावा लागतो.

करून पाहा: चंद्रपूरचे जुने नाव चांदा. ‘चांदा’, ‘चांद्याहून’, ‘चांदाफोर्ट’ आणि ‘चांदणे’ हे चार शब्द कागदावर एकेक चिन्ह सुटे करून लिहा. ‘चांदा’ची चिन्हे लागोपाठ कोणत्या शब्दांत सापडतात? जो शब्द आपला असूनही निसटतो, त्याच्यासाठी नियमात काय वाढवावे लागेल? मग ‘तेंदूपत्ता’ घ्या.