ट्रकच्या दारावरचा नंबर

प्लेन्सबरो किंवा मनरोत घर घेतलंत की न्यू जर्सी टर्नपाइकचा ८-ए एक्झिट रोजचाच होतो. तिथून क्रॅनबरीपर्यंत गोदामांना गोदामं लागून आहेत आणि त्यांतून निघणाऱ्या ट्रकच्या शेजारून तुम्हाला सकाळ-संध्याकाळ गाडी काढायची आहे. या पट्ट्यात मुलं लहानाची मोठी केलेल्या कुटुंबांना आम्ही विचारलं, ट्रकने नाहीतर डिलिव्हरी व्हॅनने ठोकलं तर पुढे काय होतं? जवळजवळ प्रत्येकाने एक वाक्य ऐकवलं, जे त्यांना कंपनीकडून फोनवर ऐकायला मिळालं होतं: ‘तो ड्रायव्हर आमचा नाही, इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टर आहे.’

नवा माणूस हे ऐकून फोन ठेवतो. प्लेन्सबरोतल्या एक काकू म्हणाल्या, “आम्हाला वाटलं, आता त्या ड्रायव्हरच्याच मागे लागायचं. त्या बिचाऱ्याकडे काय असणार?” पुढे त्यांच्या वकिलाने कंपनीलाही प्रतिवादी केलं आणि बोलणं एकदम बदललं. तेव्हा ते वाक्य म्हणजे कंपनीची पहिली बोली समजा, निकाल नव्हे.

त्या वाक्यात तथ्य अजिबात नाही असंही नाही. इथला जुना नियम असा, की नोकराने काम करताना केलेल्या हलगर्जीपणाची भरपाई मालकाने द्यायची, पण स्वतंत्रपणे काम घेणाऱ्या ठेकेदाराची चूक सहसा काम देणाऱ्याच्या माथी येत नाही. म्हणूनच ठेकेदार ठेवणं कंपन्यांना आवडतं. मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात माल नेणाऱ्या ट्रकपाशी आलं की हा नियम बराच ढिला होतो. केंद्रीय मोटर कॅरियर नियमांत ‘कर्मचारी’ कोण याची व्याख्या दिली आहे आणि व्यावसायिक वाहन चालवत असेपर्यंत इंडिपेंडंट कॉन्ट्रॅक्टरही तिच्यात धरला आहे. दुसरं म्हणजे, स्वतःचा ट्रक घेऊन कंपनीचं काम करणारा ओनर-ऑपरेटर आपला ट्रक कंपनीला लीजवर देतो. त्या लीजमध्ये ट्रकचा ताबा, नियंत्रण आणि जबाबदारी कंपनीकडे राहील असं लिहावंच लागतं. कागदावर ड्रायव्हर ठेकेदार असेना का, ट्रक रस्त्यावर धावतो तो कंपनीच्या परवान्यावर.

कंपन्यांचे वकील यावर १९९२ ची एक दुरुस्ती पुढे करतात. लीजमधल्या त्या कलमामुळे ड्रायव्हर आपोआप नोकर ठरत नाही, एवढंच ती म्हणते. कोणत्या राज्यातलं कोर्ट तिला किती वजन देतं हे वेगवेगळं आहे, त्यामुळे अपघाताच्या वकिलांपैकीही ट्रकची प्रकरणं नेहमी चालवणारा माणूस शोधा. घराच्या क्लोजिंगला होता तोच वकील इथे चालणार नाही. आपल्या मंडळींना ओळखीतला वकील धरायची भारी हौस, म्हणून मुद्दाम लिहिलं.

कंपनीला जबाबदार धरायच्या आणखी दोन वाटा आहेत. ड्रायव्हरचा आधीचा रेकॉर्ड न पाहता त्याला काम दिलं, ही कंपनीची स्वतःचीच चूक ठरते. आणि मार्ग, वेळापत्रक, किती तासांत किती पार्सलं हे सगळं कंपनीच ठरवत असेल, तर ‘स्वतंत्र’ या शब्दात फार काही उरत नाही.

याउलट ड्रायव्हर पगारी असेल तर हा वाद उद्भवतच नाही. जून २०१४ मध्ये क्रॅनबरीजवळ टर्नपाइकवर वॉलमार्टच्या ट्रकने विनोदी अभिनेते ट्रेसी मॉर्गन यांच्या व्हॅनला मागून धडक दिली आणि त्यांचे सहकारी जेम्स मॅकनेअर गेले. केंद्रीय तपासात ड्रायव्हर २८ तास जागा असल्याचं निघालं. तो कंपनीचाच नोकर होता, आणि पुढच्याच वर्षी मॉर्गन यांच्याशी तडजोड झाली.

रस्त्यावर असतानाच

आधी ९११, मग जखमींकडे बघा. नंतर अंगात त्राण असेल तर फोन काढा. आपण सवयीने मागची नंबर प्लेट टिपतो, पण मोठ्या ट्रकच्या बाबतीत ती बहुधा ट्रेलरची असते आणि ट्रेलर भलत्याच कंपनीचा असू शकतो. पुढच्या इंजिनाच्या भागाचं दार बघा. आंतरराज्य ट्रकवर दोन्ही बाजूंना चालवणाऱ्या कंपनीचं नाव आणि यूएसडॉट नंबर, दिवसा ५० फुटांवरून वाचता येईल असा लिहिणं बंधनकारक आहे. त्याचा फोटो घ्या. हा नंबर केंद्रीय वाहतूक खात्याच्या ‘सेफर’ संकेतस्थळावर घातला की कंपनीचं नाव, पत्ता आणि गेल्या २४ महिन्यांतले अपघात समोर येतात. ट्रेलरची प्लेट, मालाच्या कागदावरची नावं हेही मिळालं तर टिपा. ट्रकचा मालक एक, ट्रेलरचा दुसरा, परवाना तिसऱ्याचा आणि काम लावून देणारा ब्रोकर चौथा, असं अगदी सर्रास असतं. यातलं कोण किती जबाबदार हे वकील ठरवेल, नावं मात्र तुमच्याकडे हवीत.

आंतरराज्य भाड्याने साधा माल नेणाऱ्या मोठ्या ट्रकला निदान ७,५०,००० डॉलरचा विमा लागतो. हा आकडा ऐंशीच्या दशकातला आहे, आणि आजच्या हॉस्पिटलच्या बिलांपुढे तो वाटतो तितका मोठा नाही.

आता घाई कशाची ते ऐका. ड्रायव्हरला १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते आणि त्याची नोंद ट्रकमधल्या इलेक्ट्रॉनिक लॉगमध्ये होते. पण ही नोंद कंपनीने सहाच महिने ठेवायची असते. ती पुसू नका, असं वकिलाचं पत्र पहिल्या काही आठवड्यांतच गेलं पाहिजे. समोरच्याच्या विमा कंपनीचा ॲडजस्टर, म्हणजे दावा हाताळणारा माणूस, दुसऱ्याच दिवशी गोड आवाजात फोन करतो आणि ‘रेकॉर्डेड स्टेटमेंट’ मागतो. नम्रपणे नाही म्हणा. इंग्रजीत ‘आय ॲम फाइन’ हे आपण उगाच म्हणून जातो. तेच पुढे तुमच्यावर शेकतं.

घरापर्यंत येणाऱ्या गाड्या

पार्सलच्या गाड्यांचं गणित निराळं आहे. यूपीएसचा तपकिरी गाडीवाला कंपनीचा नोकर असतो. फेडेक्सच्या ग्राउंड सेवेच्या आणि ॲमेझॉनच्या निळ्या व्हॅन बऱ्याचदा स्थानिक ठेकेदार कंपन्या चालवतात (ॲमेझॉनने ही पद्धत २०१८ मध्ये सुरू केली), म्हणून व्हॅनवरच्या मोठ्या नावावर थांबू नका, ड्रायव्हरचा पगार कोण देतं ते विचारा. ॲमेझॉन फ्लेक्सवाला तर स्वतःच्याच गाडीतून येतो आणि पूर्णपणे स्वतंत्र ठेकेदार असतो. पोस्टाच्या गाडीने ठोकलं तर थेट कोर्टात जाता येत नाही. आधी दोन वर्षांच्या आत पोस्टाकडे लेखी दावा करावा लागतो. टाउनशिपच्या गाडीसाठी न्यू जर्सीत नोटिशीची मुदत अवघी ९० दिवस आहे, आणि तिथे बरेच लोक चुकतात. एरवी इथे दावा लावायला दोन वर्षं मिळतात.

मनरोतल्या एका दादांनी ताकीदच दिली: नव्यांना आधी स्वतःची पॉलिसी उघडून बघायला सांगा. न्यू जर्सीत कार विमा घेताना ‘लिमिटेशन ऑन लॉसूट’ हा स्वस्त पर्याय असतो आणि आपण पैसे वाचतात म्हणून त्यावर खूण करतो. तो घेतला की कायमस्वरूपी किंवा तशीच गंभीर इजा असल्याशिवाय वेदना-यातनांची भरपाई मागता येत नाही. गंमत अशी, की व्यावसायिक ट्रकने ठोकलं तर ही अट आड येत नाही, पण तेच पार्सल फ्लेक्सवाल्याच्या खासगी कोरोलातून येत असेल तर येऊ शकते. म्हणून तो पर्याय घेऊ नका, आणि समोरच्याचा विमा अपुरा पडला तर कामी येणारं अंडरइन्शुअर्ड कव्हर भरपूर घ्या. देशातून आई-बाबा येणार असतील तर हे दुप्पट महत्त्वाचं, कारण मागच्या सीटवर तेच बसलेले असतात.

आपली मुलं चालवतात तेव्हा

हे थोडं कडू आहे. एमएस करणारी आपली मुलं मित्राच्या अकाउंटवर जेवणाच्या डिलिव्हऱ्या करतात. एफ-१ किंवा एच-१बी वर असं ठेकेदारीचं कामसुद्धा विनापरवानगी नोकरीतच मोडतं. शिवाय नेहमीच्या कार पॉलिसीत डिलिव्हरीच्या कामाला सहसा कव्हर नसतं. अपघात झाला तर अ‍ॅपवाले म्हणणार, हा आमच्या यादीतच नाही. विमा कंपनी हात वर करणार. आणि व्हिसाचा घोर वेगळाच. प्रवासी नेणाऱ्या अ‍ॅपला न्यू जर्सीत प्रवासादरम्यान १५,००,००० डॉलरचं कव्हर ठेवावं लागतं, पण त्याचा फायदा दुसऱ्याच्या नावाने गाडी चालवणाऱ्याला मिळेल या भरवशावर राहू नका. आई-वडिलांनी पुण्याहून फोनवर विचारलं तरी मुलं सांगत नाहीत, म्हणून इथल्या मावश्या-काकांनी विचारावं.

नॉर्थ कॅरोलायनात, कॅरी-मॉरिसव्हिलकडे बदली होणाऱ्यांसाठी एक गोष्ट. तिथे, तसंच व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये, अपघातात तुमची थोडीशी चूक निघाली तरी सहसा सगळा दावा बुडतो. न्यू जर्सीत तसं नाही; चूक निम्म्याहून जास्त नसेल तर तेवढा वाटा कापून बाकीची भरपाई मिळते. तेव्हा तिकडे रस्त्यावर उभं राहून भिडस्तपणे ‘सॉरी’ म्हणणं महागात पडू शकतं.

शेवटी पैशांचं. वकील आगाऊ फी घेत नाहीत, मिळालेल्यातून घेतात. न्यू जर्सीत पहिल्या ७,५०,००० डॉलरवर एक तृतीयांश ही कमाल मर्यादा आहे. ऑफिसच्या हेल्थ प्लॅनने उपचारांचे पैसे भरले असतील तर तोही तडजोडीच्या रकमेतून ते परत मागू शकतो. सही करण्याआधी या दोन्ही वजावटींचे आकडे वकिलाकडून लेखी घ्या.