गळ टाकण्याआधी देणगी ठरवा: धर्मादाय सामन्यातून धंद्याचे पाच धडे



या आठवड्याच्या व्हिडिओत मी नदीकाठच्या मासेमारी सामन्याचं उदाहरण दिलं होतं. वेळ कमी पडला आणि हिशोब अर्धवट राहिला, म्हणून तो इथे पूर्ण करतो. वही-पेन घेऊन बसा.

बॅचमध्ये लगेच एक प्रश्न आला, "सर, नायगावात नदी कुठून आणायची?" प्रश्न बरोबर आहे. आपल्याला जवळची नदी म्हणजे मिठी, आणि तिच्यात हौसेने गळ टाकायला कोण जाणार? पण ही मिठी विहार आणि पवई तलावांच्या ओसंडणाऱ्या पाण्यातून सुरू होते, आणि पवईच्या काठावर आजही लोक काठी घेऊन तासन्‌तास बसतात. महाराष्ट्र स्टेट अँगलिंग असोसिएशन ही हौशी गळवाल्यांची संस्था तिथे आहे. म्हणजे छंद आपल्याकडेही आहे. इंग्लंडमध्ये याच छंदाचे रीतसर सामने होतात, आणि त्यातले काही चांगल्या कामासाठी पैसे उभे करायला भरवतात. कधी हॉस्पिटलसाठी, कधी एखाद्या आजारी मुलाच्या उपचारासाठी.

हा विषय आत्ता का काढला, तेही सांगतो. आपल्याच बॅचमधल्या एका ताईंनी मदतनिधीच्या एका आनंदमेळाव्यात कोथिंबीर वडीचा स्टॉल लावला. बोर्डावर लिहिलं, "नफ्यातला अर्धा वाटा मदतनिधीला." संध्याकाळी हिशोब केला तर नफाच नव्हता. म्हणजे देणगी शून्य! दुसऱ्या दिवशी चाळीत शेजारणीने सहज विचारलं, "मग किती दिले गं?" ताईंनी घरखर्चातले पाचशे रुपये काढून दिले आणि गप्प बसल्या. त्या दिवसाचा तोटा भरून निघाला असता. पण ज्या चाळीत रोज डबे विकायचे, तिथे "किती दिले" हा प्रश्न अडकून राहिला, तो खरा तोटा.

ही वेळ तुमच्यावर येऊ नये म्हणून आता नदीकाठी चला.

सामना कसा चालतो?

नदीच्या काठाने ठरावीक अंतरावर खुंट्या मारलेल्या असतात. त्यांना पेग म्हणतात. प्रत्येक पेगला नंबर. सकाळी सगळे जमतात, प्रवेश फी भरतात आणि चिठ्ठी उचलतात. चिठ्ठीत जो नंबर येईल तिथेच बसायचं. शिट्टी वाजली की गळ पाण्यात, आणि साधारण पाच तासांनी पुन्हा शिट्टी वाजली की गळ बाहेर. पकडलेले मासे पाण्यातच लांबट जाळीच्या पिशवीत जिवंत ठेवतात. शेवटी काटा घेऊन माणसं पेगपेगवर फिरतात, सगळ्यांसमोर वजन करतात, आकडा लिहितात आणि मासे परत नदीत सोडतात. ज्याचं एकूण वजन जास्त, तो पहिला.

आता यातला एकेक धडा घेऊ.

धडा १: जागा चिठ्ठीने मिळते, रडून बदलत नाही

कोणाला झाडाखालचं खोल, शांत पाणी मिळतं, कोणाला उथळ. जाणकार खेळाडू पहिली दहा मिनिटं आपलं पाणी बघण्यात घालवतो. खोली किती, प्रवाह कुठे, सावली कुठे.

मेळाव्यात तुमचा स्टॉल स्टेजच्या मागे आला तर आयोजकांशी भांडून अर्धा तास घालवू नका. लोक कुठून येतात आणि कुठे थांबतात ते बघा. स्टेजमागे गर्दी नसेल, पण कार्यक्रमातले कलाकार, त्यांचे आईवडील, स्वयंसेवक तिथेच असतात, आणि भुकेलेले असतात.

अशा सामन्यांत आणखी एक सोय असते. काठाचे भाग पाडतात आणि प्रत्येक भागाला वेगळं बक्षीस ठेवतात, म्हणजे वाईट पट्ट्यात बसलेल्यालाही आशा राहते. तुम्हीही स्वतःची तुलना गेटजवळच्या स्टॉलशी करू नका. आपल्या ओळीतल्या चार स्टॉलशी करा.

धडा २: चारा थोडा, पण सतत

पाण्यात मळलेल्या चाऱ्याचे गोळे टाकतात, त्याने मासे जवळ येतात. नवखा माणूस उत्साहात सगळा चारा पहिल्या तासात टाकतो. मासे येतात, पोट भरून घेतात आणि गळाकडे बघतही नाहीत.

फुकट चव देण्याचं हेच आहे. बशीभर वड्या समोर ठेवल्या तर मुलंच संपवतात. एका वडीचे चार तुकडे करा, टूथपिक लावा, स्वतःच्या हाताने द्या आणि दोन शब्द बोला. दर अर्ध्या तासाने चार वड्या. बस्स.

धडा ३: काटा एकूण वजन बघतो

३० ग्रॅमचे १०० मासे म्हणजे ३ किलो. शेजारच्याने दोन किलोचा एकच मासा पकडला आणि टाळ्या घेतल्या, तरी सामना तुम्ही जिंकलात. एखादी मोठी ऑर्डर मिळेल म्हणून दिवसभर एकाच साहेबांच्या मागे फिरू नका. चाळीस रुपयांच्या प्लेटा मोजत राहा.

धडा ४: तीन पाकिटं वेगळी ठेवा

हा आजचा मुख्य धडा आहे. नीट वाचा.

मासेमारी सामन्यात पैशांचे तीन प्रवाह असतात. एक, जागेचा आणि आयोजनाचा खर्च. दोन, बक्षिसांची रक्कम. तीन, देणगी. चांगला आयोजक सकाळीच सांगतो, फीमधले इतके बक्षिसाला, इतके देणगीला. शिवाय दुकानदारांनी दिलेल्या वस्तूंची सोडत काढतात, तो पैसा देणगीत जातो. मासे लागले नाहीत तरी देणगी ठरलेली असते, कारण ती माशांवर अवलंबून ठेवलेलीच नसते.

ताईंनी देणगी नफ्यावर टांगली, तिथेच चूक झाली. नफा हा शेवटी उरणारा आकडा. तो ग्राहकाला दिसत नाही, मोजता येत नाही, आणि नवीन धंद्यात बहुतेक वेळा नसतोच. म्हणून देणगी प्लेटमागे ठरवा.

आता हिशोब मांडू. आकडे उदाहरणाचे आहेत, तुमचे तुम्ही घाला.

प्लेटची किंमत ४० रुपये. माल, गॅस, कागदी प्लेट मिळून खर्च २२ रुपये. प्लेटमागे देणगी ५ रुपये. हातात उरले १३ रुपये. स्टॉलचं भाडं १००० आणि टेम्पो-बोर्ड वगैरे ३००, म्हणजे १३०० रुपये ठाम खर्च. १३०० ला १३ ने भागा. उत्तर १००. म्हणजे शंभरावी प्लेट विकली जाईपर्यंत तुम्ही खड्ड्यात आहात.

१२० प्लेटा गेल्या तर देणगी ६०० रुपये आणि तुम्हाला उरतात २६०. दिवसभर उभं राहून २६० रुपये! ६० च प्लेटा गेल्या तर देणगी ३०० रुपये आणि तुमचा तोटा ५२० रुपये.

आता स्वतःला प्रश्न विचारा, "अंदाजाच्या निम्मीच विक्री झाली तर हा तोटा मी सोसू शकतो का?" उत्तर हो असेल तरच फॉर्म भरा. नाही असेल तर स्टॉल लावू नका. त्याऐवजी सोडतीसाठी दोन डब्यांचं एक बक्षीस द्या. स्टॉलपेक्षा खूपच कमी खर्चात तुमचं नाव माईकवरून जाईल आणि मदतही होईल. त्यात कमीपणा काहीच नाही.

आणि बोर्डावर काय लिहायचं? "प्रत्येक प्लेटमागे ५ रुपये मदतनिधीला." एवढंच. बरणी समोर ठेवा आणि प्लेट दिली की ग्राहकाच्या देखत पाचचं नाणं आत टाका. गल्ला वेगळा, बरणी वेगळी. सुट्टे संपले तरी बरणीला हात लावायचा नाही.

धडा ५: वजन सगळ्यांसमोर करा

नदीकाठी कोणी म्हणत नाही, "माझं वजन मी घरी करून आणतो." काटा सगळ्यांसमोर लागतो, म्हणून निकालावर कोणी शंका घेत नाही.

आपल्याला ही रीत नवी नाही. नायगाव-लालबाग-परळमध्ये वाढलेल्या माणसाला वर्गणीचं पावतीपुस्तक आणि मंडळाचा अहवाल माहीत असतो. कोणी किती दिले, मंडप-रोषणाईला किती गेले, शिल्लक किती, सगळं छापलेलं. ज्या मंडळाचा अहवाल वेळेवर येतो, त्याला पुढच्या वर्षी वर्गणी मागायला दोनदा जिने चढावे लागत नाहीत.

तसंच तुम्ही करा. मेळावा संपल्यावर बरणी आयोजकांसमोर मोजा, रक्कम भरा, पावती घ्या. पावतीचा फोटो आणि एक ओळ ग्राहकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, "१२० प्लेटा, ६०० रुपये जमा, धन्यवाद." मोठं भाषण नको. शेजारणीने विचारण्याआधीच उत्तर दिलेलं असलं पाहिजे.

फॉर्म भरण्याआधी चार कागद बघा

पहिला, संस्थेचा नोंदणी क्रमांक. महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त संस्था १९५० च्या कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांकडे नोंदतात. मुंबईतलं कार्यालय वरळीला आहे, नायगावहून काही फार लांब नाही.

दुसरा, आयोजक नोंदणीकृत नसतील, नुसता मित्रमंडळींचा गट असेल, तर त्यांनी निधी जमवण्यासाठी याच कायद्याच्या ४१ क कलमाची परवानगी घेतली आहे का ते विचारा. गणेशोत्सवाच्या वर्गणीसाठी मंडळं हीच परवानगी काढतात, त्यामुळे हा प्रश्न विचारल्याचा कोणाला राग यायचं कारण नाही.

तिसरा, करसवलत. ८०जी म्हणून ओळखली जाणारी सवलत हवी असेल तर संस्थेला तशी मान्यता असावी लागते, २००० रुपयांवरची देणगी रोखीने दिलेली चालत नाही, आणि तुम्ही नवीन कररचना घेतली असेल तर ही सवलत मिळतच नाही. म्हणून करासाठी देणगी देतो, असं गणित मांडूच नका.

चौथा तुमचा स्वतःचा. खाण्याचा पदार्थ विकताय तर एफएसएसएआयची नोंदणी हवी. "एकच दिवस आहे, चालतंय" असं म्हणू नका.

शेवटचं

सामना संपल्यावर मासे परत पाण्यात सोडतात. पाच तास घाम गाळून पकडलेले! कारण पुढच्या वेळीही याच नदीवर यायचं असतं. मेळाव्यातला ग्राहक चांगल्या कामासाठी आलेला असतो. त्याला तिथल्या तिथे महिन्याच्या डब्याची ऑर्डर द्यायला भाग पाडू नका. चव द्या, कार्ड द्या, हसून जाऊ द्या. चव आवडली आणि हिशोब चोख दिसला तर तो स्वतः येईल. बीडीडीच्या १६० चौरस फुटांच्या खोलीतून धंदा सुरू करणाऱ्याकडे मोठं भांडवल नसतं, शब्द असतो. तो पाच-पाच रुपयांनी वाढतो.

त्या ताईंनी पुढच्या मेळाव्यात बरणी ठेवली. प्लेटा ९० गेल्या, तोटा १३० रुपयांचा झाला आणि देणगी ४५० रुपये जमा झाली. पावतीचा फोटो त्यांनी रात्रीच ग्रुपवर टाकला. या वेळी शेजारणीने काही विचारलं नाही. डबा मात्र लावला.

गृहपाठ: तुमच्या एका वस्तूचा हिशोब वरच्या पद्धतीने मांडा. किंमत, खर्च, देणगी, हातात उरणारे, ठाम खर्च, आणि कितव्या नगाला खड्ड्यातून बाहेर. शेवटी निम्म्या विक्रीचा तोटा काढून त्याला लाल पेनाने गोल करा. तो आकडा बघून झोप लागत असेल, तर फॉर्म भरा.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!