पहिले काही सेकंद

कॅडमियम सेलेनाइडचे नॅनोस्फटिक बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. अतिनील दिव्याखाली दोन नॅनोमीटरचा कण निळसर हिरवा चमकतो, सहा नॅनोमीटरचा लाल. पदार्थ एकच, फरक फक्त आकारमानाचा. प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या मुलामुलींना मी या पाच गोष्टी सांगते.

१. जन्म आणि वाढ वेगळी ठेवा. १९९३ साली एमआयटीत मरे, नॉरिस आणि बावेंडी यांनी ३०० अंशांच्या आसपास तापलेल्या द्रवात अभिक्रियाकारकं एका दमात टोचली. त्यामुळे सगळी बीजं एकदमच धरतात. लगेच संहती आणि तापमान दोन्ही उतरतात, नवं बीज धरत नाही आणि पुढे फक्त वाढ होते. सुरुवातीला मी सिरिंज जपून, सावकाश दाबायचे. बीजं मागेपुढे धरायची आणि फ्लास्कमध्ये लहानमोठ्या कणांची सरमिसळ व्हायची. सुई जाड घ्या आणि सिरिंज एका झटक्यात रिकामी करा.

२. कणांना उपाशी ठेवू नका. द्रावणात खाद्य, म्हणजे न वापरलेली अभिक्रियाकारकं, भरपूर असलं की लहान कण भराभर वाढून मोठ्यांना गाठतात. ते संपत आलं की उलटं होतं. लहान विरघळतात आणि त्यांच्यावर मोठे पोसतात. वर्णपटातलं शिखर पसरू लागलं की समजा, वेळ आली. थोडं खाद्य द्या, नाहीतर आच काढा.

३. बाटलीवरची शुद्धता पुरेशी नाही. ९० टक्के शुद्धतेच्या ट्रायऑक्टिलफॉस्फिन ऑक्साइड या द्रावकात आमचे कण छान व्हायचे. हौसेने ९९ टक्क्यांचं मागवलं, तर वाढ हाताबाहेर गेली आणि तळाशी साका बसला. कित्येक आठवडे मी स्वतःच्या हाताला दोष देत होते. खरं तर स्वस्त बाटलीतली फॉस्फोनिक आम्लं कॅडमियमला धरून ठेवत होती. बर्कलीत अलिविसाटोस यांच्या गटाने २००० साली शुद्ध द्रावकात असंच एक आम्ल मोजून घातलं आणि गोल कणांऐवजी लांबट कांड्या मिळवल्या. अशुद्धी मोजली की तीच हत्यार होते. म्हणून प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर वहीत लिहा.

४. सॅम्पल काढत राहा. पहिल्या पाच मिनिटांत दर अर्ध्या मिनिटाला काढा. पिवळा रंग नारिंगी कधी झाला, हे आठवणीवर सोडू नका. हवं ते आकारमान दिसताच फ्लास्क गार करा. आणखी एक मिनिट थांबू, असा मोह धरू नका.

५. धुताना हात आखडता घ्या. मिथेनॉलने पुन्हा पुन्हा धुतलं की कणांच्या पृष्ठभागावरचे रेणू सुटतात आणि चमक विझते. तासाभराची मेहनत मी अशी अनेकदा धुऊन टाकली आहे. दोनदा धुवा, दिव्याखाली बघा, मगच तिसऱ्यांदा धुवायचं की नाही ते ठरवा.