खोका टांगलाय, चिमणी येत नाही

प्रश्न : चारकोपला आमच्या बैठ्या घरामागे जेमतेम दहा फूट मोकळी जागा आहे. चिमण्यांसाठी लाकडी खोका टांगून वर्ष झालं, कुणी फिरकलं नाही. काय चुकतंय?

उत्तर : आधी भोक मोजा. सव्वा ते दीड इंच पुरे; मोठं असेल तर साळुंकी घुसते. भोकाखाली दांडी असेल तर काढा, ती शत्रूच्याच सोयीची. खोका टांगू नका. आठ-दहा फुटांवर, छपराखाली, भिंतीला घट्ट ठोका. दुपारचं ऊन टाळा. नुसत्या तांदळाच्या दाण्यांवर पिल्लं वाढत नाहीत, त्यांना अळ्या-किडे लागतात. तेव्हा कीटकनाशकाची फवारणी बंद.

माझं विचाराल तर चिमणीचा हट्ट थोडा सोडा. दयाळालाही खोका चालतो, फक्त भोक अडीच इंची हवं. शिंप्याला तर खोकाच नको. रुंद पानांचं झुडूप दाट वाढू द्या, तो पानं शिवून ऐन पावसाळ्यात घर थाटतो. मधुमालतीच्या जाळीत बुलबुल येईल. खाडी जवळ म्हणून खंड्याची वाट मात्र पाहू नका. त्याला बीळ कोरायला मातीचा उभा काठ लागतो.

अंडी दिसली की डोकावणं आणि फोटो काढणं थांबवा. मांजर कुणाचं आहे, तेही बघून ठेवा.