घटक ४ : बँकेचे विवरण आणि आपली वही – ‘जमा’ व ‘नावे’ यांची भाषा

४.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर तुम्हाला –
• बँकेच्या विवरणातील ‘जमा’ व ‘नावे’ या शब्दांचा अर्थ दृष्टिकोनानुसार कसा बदलतो, हे सांगता येईल.
• विवरणाची फाइल मोफत हिशेब-सॉफ्टवेअरमध्ये आयात करताना घ्यावयाची दक्षता स्पष्ट करता येईल.
• आयात बिनचूक झाली की नाही, याचा ताळा घेता येईल.

४.१ प्रास्ताविक

मागील घटकात आपण कार्यालयीन पत्रव्यवहाराची भाषा अभ्यासली. आता हिशेबाच्या भाषेकडे वळू. तुमच्यापैकी काही जण बचत गटाचे, दूध संस्थेचे किंवा वाचनालयाचे हिशेब सांभाळत असतील. बँक आता विवरण फाइलच्या रूपाने देते आणि ‘ग्नूकॅश’सारखे मोफत, मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर ती फाइल वाचून नोंदी करते. हाताने उतरवून घेण्याचे श्रम त्यामुळे वाचतात. मात्र यंत्र अक्षरे वाचते, अर्थ आपल्यालाच सांगावा लागतो. म्हणूनच हा विषय व्यावहारिक मराठीच्या अभ्यासक्रमात येतो.

४.२ विषय-विवेचन

४.२.१ एक उदाहरण

समजा, जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात वीस सभासदांचा एक बचत गट आहे. १ एप्रिल २०२४ रोजी त्याच्या बँक खात्यात १२,४०० रुपये शिल्लक आहेत. विवरणात पुढील दोन नोंदी आहेत :

०३/०४/२०२४ – सभासदांची बचत – जमा ६,०००
०५/०४/२०२४ – बियाणे खरेदी – नावे १,८५०

अखेरची शिल्लक १६,५५० रुपये होते. हे उदाहरण संपूर्ण घटकात आपल्यासोबत राहील.

४.२.२ ‘जमा’ कोणाची?

‘जमा’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. एकत्र करणे, गोळा करणे हा त्याचा मूळ अर्थ. ‘नावे’ हा शब्द मात्र आपल्याच ‘नाव’ या शब्दापासून सिद्ध झाला आहे. ज्याच्याकडून येणे आहे, त्याच्या नावावर रक्कम मांडणे म्हणजे ‘नावे टाकणे’.

गटाने बँकेत ६,००० रुपये भरले, की बँक आपल्या वहीत ‘गटाच्या खात्यावर जमा’ असे लिहिते, कारण ती रक्कम बँकेला गटाचे देणे झाली. हाच व्यवहार गटाच्या वहीत ‘बँकेच्या नावे ६,०००’ असा येतो, कारण बँकेकडून तेवढे येणे झाले. व्यवहार एकच, पण बोलणारा बदलला की शब्द उलटतो. ‘मी’ आणि ‘तू’ ही सर्वनामे वक्त्यानुसार बदलतात, तसेच हे आहे.

बँकेचे विवरण हे बँकेच्या वहीचा उतारा असते. त्यातील ‘जमा’ हा रकाना आपल्या बँक खात्याच्या ‘जमा’ बाजूस जोडला, तर सर्व रकमांची चिन्हे उलटतात. वरील उदाहरणात शिल्लक १६,५५० ऐवजी ८,२५० दिसेल. फरक ८,३०० रुपयांचा, म्हणजे खरी वाढ ४,१५० रुपये, तिच्या नेमका दुप्पट. फरक असा दुप्पट आढळल्यास बाजू उलटल्याची शंका प्रथम घ्यावी.

४.२.३ फाइलचे वाचन

आयातीसाठी सामान्यतः तीन प्रकारच्या फाइल वापरतात : सीएसव्ही, क्यूआयएफ आणि ओएफएक्स. पीडीएफ विवरण डोळ्यांनी वाचण्यासाठी असते, ते थेट आयात होत नाही. सीएसव्ही फाइलमध्ये रकाने बहुधा स्वल्पविरामाने वेगळे केलेले असतात. ती आयात करताना पुढील बाबी तपासाव्यात :

(अ) दिनांक : ०३/०४/२०२४ ही तारीख महिना-दिवस या क्रमाने वाचली गेली, तर ३ एप्रिलची ४ मार्च होते. आपले आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होत असल्याने सभासदांची बचत मागील वर्षात जाऊन पडते. १५/०४/२०२४ अशी तारीख असती, तर पंधरावा महिना नसल्याने चूक उघड झाली असती. बारा तारखेपर्यंतच्या नोंदींत ती लपून राहते. म्हणून दिवस-महिना-वर्ष हा क्रम स्वतः निवडावा.

(आ) स्वल्पविराम : १,२५,००० ही रक्कम अवतरणचिन्हांत नसेल, तर तिचे तीन रकाने होतात.

(इ) मथळा : विवरणाच्या आरंभी खातेदाराचे नाव, शाखा इत्यादी ओळी असतात. त्या वगळण्याची सूचना द्यावी.

(ई) लिपी : देवनागरी मजकुराच्या जागी अनोळखी चिन्हे दिसल्यास अक्षर-संकेतन ‘यूटीएफ-८’ निवडून पाहावे.

४.२.४ दुसरी बाजू आणि पुनरुक्ती

द्विनोंदी पद्धतीत प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. विवरणात केवळ बँकेची बाजू असते. समोरचे खाते, म्हणजे ‘सभासद बचत’ किंवा ‘बियाणे खर्च’, आपण निवडायचे असते. ग्नूकॅश पूर्वीच्या नोंदींतील शब्दांवरून खाते सुचवते. परंतु सूचना म्हणजे निर्णय नव्हे. निवड न केलेल्या रकमा असमतोल दाखवणाऱ्या वेगळ्या खात्यात जातात. ते खाते रिकामे होईपर्यंत काम अपूर्ण समजावे.

ओएफएक्स फाइलमध्ये प्रत्येक व्यवहाराला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो, त्यामुळे पुन्हा आलेली नोंद ओळखता येते. सीएसव्हीमध्ये बहुधा तारीख व रक्कम यांवरून अंदाज करावा लागतो. एकच फाइल दोनदा आयात झाली, तर आपली शिल्लक २०,७०० दिसेल.

४.२.५ ताळा

आयातीनंतर आरंभीची शिल्लक अधिक आलेल्या रकमा, वजा गेलेल्या रकमा, हे गणित विवरणातील अखेरच्या शिल्लकेशी पडताळावे. पाठ्यपुस्तकांत यालाच ‘बँक जुळवणी’ म्हणतात. न वटलेल्या धनादेशामुळे खरा फरक राहू शकतो. त्याचे कारण लेखी नोंदवावे. गटाच्या बैठकीत एखाद्या सभासद ताईने “आमचे पैसे कुठे दिसत नाहीत?” असे विचारले, तर ‘संगणकाने तसे दाखवले’ हे उत्तर पुरेसे ठरत नाही. हिशेब ठेवणाऱ्याची पत त्या उत्तरावर अवलंबून असते.

४.३ सारांश

बँकेचे विवरण बँकेच्या दृष्टीने लिहिलेले असते. ते आपल्या वहीत आणणे म्हणजे एका वक्त्याचे म्हणणे दुसऱ्याच्या तोंडी योग्य रीतीने घालणे होय. बाजू, दिनांक, स्वल्पविराम, पुनरुक्ती आणि ताळा या पाच बाबी सांभाळल्यास यंत्राचा वेग आपल्या उपयोगी पडतो.

४.४ स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. बँकेच्या विवरणातील ‘जमा’ आपल्या वहीत ‘नावे’ का होते?
२. ०७/०४/२०२४ ही तारीख चुकीच्या क्रमाने वाचल्यास कोणती होईल? ती कोणत्या आर्थिक वर्षात मोडेल?
३. तुमच्या खात्याच्या एका महिन्याच्या विवरणातील पाच नोंदी घेऊन प्रत्येकीची दुसरी बाजू मराठीत लिहा.